दहाव्या ॲव्हेन्यूवरची मालगाडी : न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं १:८७ मॉडेल

हाय लाइन म्हटलं की आज बहुतेकांना न्यूयॉर्कमधली उंचावरची बाग आठवते. तिचा पहिला टप्पा २००९ साली लोकांना खुला झाला. पण ती बाग ज्या लोखंडी पुलावर आहे, तो पूल १९३४ साली मालगाड्यांसाठी सुरू झाला. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीच्या गाड्या मांस, लोणी, अंडी, पीठ घेऊन मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूने यायच्या आणि थेट कारखान्यांच्या वरच्या मजल्यांत शिरायच्या. त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षं याच गाड्या भर रस्त्यातून धावत होत्या. दहाव्या ॲव्हेन्यूवर इतकी माणसं गाडीखाली सापडली की लोक तिला ‘डेथ ॲव्हेन्यू’ म्हणू लागले. शहराच्या नियमानुसार गाडीपुढे लाल बावटा घेतलेला घोडेस्वार चालवावा लागे, आणि असा शेवटचा स्वार १९४१ साली दिसला. १९२९ च्या करारानुसार झालेल्या पश्चिम बाजूच्या मोठ्या कामात रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदत अशा १०५ जागा नाहीशा झाल्या. आपला पूल त्याच कामाचा भाग.

ही रेल्वे घरातल्या एका भिंतीलगत, पूर्ण मापात उभी करता येते. इथे ‘पूर्ण मापात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डोंगर, बोगदा, नदी असलेल्या मॉडेलमध्ये निसर्ग हवा तसा आक्रसता येतो आणि पाहणाऱ्याला ते खटकत नाही. रस्त्याची रुंदी, मजल्याची उंची आणि दाराचं माप मात्र प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. ती मापं चुकली तर इंजिन कितीही देखणं असो, सगळंच खेळण्यासारखं वाटतं. म्हणून या कृतीचा पाया असा: शहराचं माप कमी करायचं नाही, करायचीच तर गाडी आखूड करायची.

वर्ष आणि जागा पक्की करा

मी १९४९ हे वर्ष आणि पंधराव्या ते सतराव्या स्ट्रीटमधला तुकडा सुचवतो. पंधराव्या आणि सोळाव्या स्ट्रीटच्या मधे नाबिस्कोचा बिस्किटांचा कारखाना होता. १९१२ साली ओरिओ बिस्किट तिथेच जन्माला आलं, आणि आज त्याच इमारतीत चेल्सी मार्केट आहे. रेल्वेचा पूल कारखान्याच्या दहाव्या ॲव्हेन्यूकडच्या अंगातून आरपार जातो. पुढे सोळाव्या-सतराव्याच्या दरम्यान एक फाटा ॲव्हेन्यू ओलांडून समोरच्या मर्चंट्स रेफ्रिजरेटिंग कंपनीच्या शीतगृहाकडे जायचा. मग सतराव्या स्ट्रीटजवळ मुख्य मार्गही ॲव्हेन्यू ओलांडून पश्चिमेला जातो. इमारतीत शिरणारी गाडी, रस्त्यावरून जाणारा फाटा आणि तिरका ओलांडपूल अशा तिन्ही गोष्टी जेमतेम दोन गल्ल्यांच्या अंतरात मिळतात. शहरी रेल्वेसाठी याहून नेटका तुकडा मला माहीत नाही.

घोडेस्वाराचा मोह फार जणांना होतो. तो हवाच असेल तर साल १९२५ धरा आणि रूळ रस्त्यावर मांडा. ते वेगळं आणि तितकंच चांगलं मॉडेल होईल. मात्र एकाच पाटावर वरती पूल आणि खाली स्वार अशी भेसळ करू नका.

आणखी एक सावधगिरी. पुलाचे आजचे किंवा २००० सालच्या आसपासचे फोटो पाहून रुळांत गवत आणि रानफुलं लावू नका. शेवटची गाडी १९८० साली गेली आणि त्यानंतर ते रान माजलं. १९४९ मध्ये रूळ झळकत होते आणि खडी स्वच्छ होती.

कागदपत्रं जमवा

घरबसल्या दोन खजिने मिळतात. पहिला म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले नकाशे. त्यांत प्रत्येक इमारतीची रूपरेषा, मजले आणि बांधकामाचा प्रकार असतो. गुलाबी रंग विटेचा, पिवळा लाकडाचा. मूळ नकाशाचं प्रमाण एका इंचाला ५० फूट, म्हणजे १:६००. छापील प्रत त्याच मापात असेल तर ती ६८९ टक्के मोठी करा, म्हणजे थेट १:८७ चा तळआराखडा हातात येतो. छापल्यावर नकाशावरची मापपट्टी फूटपट्टीने तपासा, कारण स्कॅन केलेल्या प्रतीचं माप बदललेलं असू शकतं.

दुसरा खजिना म्हणजे न्यूयॉर्क महापालिकेच्या अभिलेखागारातले करआकारणीचे फोटो. १९३९ ते १९४१ या काळात शहरातल्या जवळपास प्रत्येक इमारतीचा फोटो घेतला गेला. आपल्या तुकड्यातल्या इमारती त्यांत शोधा. खिडक्यांची विभागणी, दुकानांच्या पाट्या, फुटपाथवरचे ढीग, छपरावरच्या टाक्या, सगळं त्यात दिसतं. फोटोवरून माप काढायचं असेल तर दाराची उंची सात फूट धरा आणि तिच्या पटीत बाकी उंच्या मोजा.

मापं कागदावर उतरवा

१:८७ म्हणजेच एचओ मापात एक फूट म्हणजे साडेतीन मिलीमीटर. मॅनहॅटनची आखणी १८११ च्या योजनेनुसार झाली असल्याने हिशेब सोपा आहे. ॲव्हेन्यू १०० फूट रुंद, म्हणजे ३५ सेंटिमीटर. साधी स्ट्रीट ६० फूट, म्हणजे २१ सेंटिमीटर. दोन स्ट्रीटमधली इमारतींची रांग सुमारे २०० फूट, म्हणजे ७० सेंटिमीटर. पूल रस्त्यापासून सुमारे ३० फुटांवर धरा, म्हणजे १०५ मिलीमीटर. कारखान्याचा एक मजला १३ फुटांचा धरला तर साधारण ४५ मिलीमीटर होतो.

आता प्लायवूडचा नेहमीचा ८ बाय ४ फुटांचा ताव डोळ्यांसमोर आणा. लांबी २४४ सेंटिमीटर. आपण पश्चिमेकडून पूर्वेकडे बघतो आहोत, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. उजव्या टोकापासून मोजा: आधी दक्षिणेकडच्या रांगेची ८ सेंटिमीटरची पट्टी, मग पंधरावी स्ट्रीट २१, नाबिस्कोचा कारखाना ७०, सोळावी स्ट्रीट २१, पुढची रांग ७०, सतरावी स्ट्रीट २१. डाव्या टोकाला ३३ सेंटिमीटर उरतात आणि ते ओलांडपुलाच्या कामी येतात. काहीही न आक्रसता दोन पूर्ण रांगा एका तावात बसतात, ही मला या जागेची सर्वांत मोठी देणगी वाटते.

खोली ६६ सेंटिमीटर ठेवा. पुढे पश्चिमेकडच्या इमारतींसाठी १४, मधे ॲव्हेन्यूचे पूर्ण ३५, मागे पूल आणि कारखान्यासाठी १७. मागच्या पट्टीत दोन रूळमार्ग बसतात. त्यांच्या मध्यरेषांत ५ सेंटिमीटर अंतर राखा.

३५ सेंटिमीटर रिकामा रस्ता बघून हात शिवशिवतील. तो २० वर आणून आणखी एक साइडिंग घालावीशी वाटेल. ते करू नका. हा रुंद रस्ता आणि त्याच्या पलीकडे उंचावरून सरकणारी गाडी, यातच या जागेचा सगळा जीव आहे.

साहित्य

१२ मिमीचं चांगलं प्लायवूड एक ताव, २ बाय १ इंची सागाच्या किंवा पाइनच्या पट्ट्या, ३ आणि ५ मिमी सनबोर्ड, माउंटबोर्ड, प्लास्टिकच्या स्टायरिन पट्ट्या, ओएचपी शीट, फेविकॉल, सायनोॲक्रिलेट, ॲक्रिलिक रंग, बारीक चाळलेली खडी, कोड ८३ चे लवचीक रूळ, चार नंबरचे दोन सांधे, केडी जातीचे चुंबकी कपलर. हत्यारांत गुण्या, पोलादी पट्टी, ब्लेडची सुरी, बारीक दातांची करवत, कानस, डाख द्यायची इस्त्री आणि छोटं मल्टीमीटर. रूळ आणि सांधे बहुधा बाहेरून मागवावे लागतात, म्हणून ते आधी मागवा आणि येईपर्यंत इमारती करा.

पाट बांधा

तावातून ६६ सेंटिमीटरची पट्टी कापून घ्या. उरलेल्या ५६ सेंटिमीटरमधून पुढचा-मागचा पडदा आणि दोन्ही टोकांच्या कॅसेट (गाडी उभी करायच्या सुट्या पट्ट्या) निघतील. पट्टीखाली कडेने आणि दर ४० सेंटिमीटरला आडव्या २ बाय १ च्या पट्ट्या, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून बसवा. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासा. मग वरची बाजू, खालची बाजू आणि विशेषतः कापलेल्या कडा यांना वॉर्निशचे दोन हात द्या. कडा उघड्या राहिल्या तर आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लाय दमट हवा ओढून फुगतं आणि वरचे रूळ लहरत जातात. पाट डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडाच खाली, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर बसवा. शहरी मॉडेल वरून बघायचं नसतं. रस्त्यावरच्या माणसाला पूल जसा डोक्यावर दिसतो, तसा तो पाहणाऱ्याला दिसायला हवा.

रुळांची मांडणी

पाटावर मोठा कागद अंथरा आणि खऱ्या मापात रेघा ओढा. मागच्या पट्टीत दोन समांतर मार्ग. पुढचा, म्हणजे ॲव्हेन्यूकडचा मार्ग मुख्य. मागचा नाबिस्कोच्या फलाटाचा. पहिला सांधा पंधराव्या स्ट्रीटवर, त्यातून फलाटाचा मार्ग निघतो. दुसरा सांधा सोळाव्या स्ट्रीटच्या दक्षिण काठाशी. त्यातून फाटा डावीकडे पुढे येत ॲव्हेन्यू ओलांडतो. ४६ सेंटिमीटर त्रिज्येची कमान साठ अंशांपर्यंत आणि मग छोटा सरळ तुकडा घेतला की साधारण ५० सेंटिमीटर लांबीत फाटा शीतगृहाच्या भिंतीशी पोचतो. ४० फुटी वाघिणी आणि छोटी इंजिनं या वळणावर नीट चालतात. ५० फुटी वाघीण इथे आणू नका.

मुख्य मार्ग सतराव्या स्ट्रीटपासून ६० सेंटिमीटर त्रिज्येने पुढे वळू द्या. डाव्या टोकाला पोचेपर्यंत तो चाळीस अंशांत वळतो आणि ॲव्हेन्यूच्या डोक्यावर येतो. तिथेच, रस्त्याच्या मधोमध, पूल पाटाच्या कडेशी सरळ कापा. ही कड लपवायला इमारत उभी करू नका. कापलेला छेद काळ्या चौकटीत बसवला की पूल पुढे जात असल्याचा भास होतो, आणि तुळयांची आतली रचनाही पाहायला मिळते.

पाटाच्या दोन्ही टोकांना एकेक मीटर लांबीची कॅसेट जोडा. म्हणजे प्लायच्या पट्टीवर बसवलेला एक सुटा रूळ, त्यावर पूर्ण गाडी उभी राहते आणि तो हातात उचलून फिरवता येतो. डावीकडची कॅसेट म्हणजे तिसाव्या स्ट्रीटचं यार्ड, उजवीकडची म्हणजे दक्षिणेचं सेंट जॉन्स पार्क टर्मिनल. इंजिन साधारण १६ सेंटिमीटर आणि पाच वाघिणी प्रत्येकी साडेपंधरा. सगळं मिळून ९३-९४ सेंटिमीटर. आपली गाडी एवढीच. मघाशी म्हटलेली आखूड गाडी ती हीच.

कागदावरच्या रेघांवर रूळ नुसते ठेवा आणि सर्वांत लांब वाघीण हाताने ढकलत फाट्यातून, सांध्यातून, कमानीतून नेऊन बघा. दोन वाघिणींचे कोपरे एकमेकांना घासत नाहीत आणि कपलर सुटत नाहीत याची खात्री झाल्याशिवाय पुलाचं एकही लाकूड कापू नका.

पूल उभा करा

या कामाला भरपूर वेळ द्या. खरा पूल दोन भरलेल्या मालगाड्या एकाच वेळी पेलण्यासाठी बांधला होता, आणि तो जडपणा मॉडेलमध्ये दिसला पाहिजे. पुलाचा तळ ५ मिमी सनबोर्डचा करा. त्याखाली ४ मिमी प्लायची पट्टी द्या, म्हणजे रूळ डगमगणार नाहीत. खऱ्या पुलावर काँक्रीटच्या परातीसारख्या तळात खडी भरलेली असते. म्हणून दोन्ही कडांना माउंटबोर्डची उभी पट्टी लावून उथळ खोका तयार करा.

खांबांसाठी स्टायरिनचे एच आकाराचे तुकडे वापरा. तयार मिळाले नाहीत तर तीन पट्ट्या चिकटवून करा: दोन रुंद, मधे एक अरुंद. सगळे खांब एकाच मापाच्या साच्यात कापा. अर्ध्या मिलीमीटरचा फरकही रुळांवर जाणवतो. रस्ता ओलांडताना खांब फुटपाथच्या कडेला येतात आणि मधल्या भागाला खोल पत्र्याची तुळई लागते, हे फोटोत पाहून घ्या.

आता रिव्हेट. या पुलावर वेल्डिंगची सपाट जोडणी शोभणार नाही. तुळयांच्या बाहेरच्या बाजूसाठी पातळ माउंटबोर्ड किंवा ०.२५ मिमी स्टायरिन घ्या, मागच्या बाजूने पेन्सिलीने रेघ आखा, खाली मऊ रबर ठेवा आणि बोथट सुईने दर दीड मिलीमीटरला हलकेच टोचा. पुढच्या बाजूला रिव्हेटच्या डोक्यांची सरळ रांग उमटते. सगळीकडे रिव्हेट टोचत बसू नका. तुळईच्या वरच्या-खालच्या कडा, उभ्या पट्ट्या आणि खांबाचे माथे, एवढ्यावर ते नीट आले की पुरे. रस्त्यांवरच्या भागाला नक्षीदार कठडा होता, सरळ रेघा आणि चौकटींचा, त्या काळच्या आर्ट डेको धाटणीचा. तो लेझर कटिंगवाल्याकडून माउंटबोर्डमध्ये कापून आणा. हाताने करू गेलात तर चौकटी एकसारख्या येणार नाहीत.

रंग देताना आधी गडद राखाडी-काळा हात. तो वाळल्यावर गंज. इथे एक बारकावा सांगतो, कारण तो बहुतेक मॉडेलांत सुटतो. त्या काळच्या मांसाच्या शीतवाघिणींत बर्फात मीठ मिसळत, म्हणजे थंडी वाढे. वितळलेलं खारट पाणी वाघिणीच्या कोपऱ्यांतून रुळांवर ठिबके आणि लोखंड खात असे. म्हणून गंजाचे ओघळ तुळईवर सरसकट सारखे देऊ नका; जिथे वाघिणी तासन्‌तास उभ्या राहत, म्हणजे शीतगृहाच्या फाट्यावर, तिथे ते दाट, आणि जिथे गाडी नुसती पुढे जाते तिथे विरळ. पातळ तपकिरी रंगाचा थेंब वरच्या कडेला ठेवा आणि ओल्या ब्रशने एकदाच खाली ओढा.

खडी सर्वांत शेवटी. चाळलेली बारीक राखाडी खडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरांच्या मधे बसवा. वर पाण्याचा अगदी बारीक फवारा, मग अर्धं फेविकॉल, अर्धं पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. सांध्यांच्या हलत्या भागाजवळ हे मिश्रण जाऊ देऊ नका.

इमारती

नाबिस्कोची बाजू ही या मॉडेलची मुख्य भिंत. सत्तर सेंटिमीटर लांब, सहा मजली धरली तर साधारण २७ सेंटिमीटर उंच. मागे खोली उरत नसल्याने इमारत पूर्ण करायची नाही. पुढची भिंत, पुलाचा पोकळ मार्ग आणि मागचा पडदा एवढंच पुरतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, रेल्वेसाठी, ही बाजू नव्याने बांधताना वास्तुकार लुई विर्शिंग यांनी पुलाच्या पातळीवर ॲव्हेन्यूकडे उघडा सज्जा ठेवला. आपल्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे: गाडी इमारतीत शिरूनही दिसत राहते.

भिंतीचा गाभा ३ मिमी सनबोर्ड. खिडक्यांची मोकळी जागा आधी सगळी कापून घ्या. विटांसाठी छापील कागदापेक्षा कोरलेला पत्रा बरा. खऱ्या विटांचे तीन थर आठ इंचांत बसतात, म्हणजे आपल्या मापात एक थर पाऊण मिलीमीटरहून किंचित जास्त. बाजारातल्या ‘विटांच्या’ पत्र्यांत थर बहुधा मोठे असतात. घेण्यापूर्वी पट्टीने मोजा. आठ मिलीमीटरात दहाच्या आसपास थर बसायला हवेत.

वीट रंगवताना आधी फिका मातकट हात सगळीकडे, म्हणजे सांध्यांतला चुना दिसेल. तो वाळला की चपट्या ब्रशवर अगदी थोडा विटकरी रंग घेऊन तिरका फिरवा. रंग फक्त विटांच्या माथ्यावर बसतो. मग दहा-वीस विटा निवडून किंचित गडद, काही किंचित पिवळसर करा. सगळी भिंत एकाच लालीची राहिली तर ती कागदी वाटते.

खिडक्या लोखंडी चौकटींच्या, लहान काचांच्या. ओएचपी शीटवर लेझर प्रिंटरने बारीक रेघा छापता येतात; गडद रेघा अधिक ठळक उठतात. कारखान्याच्या काही काचा मागून पिठासारख्या धुरकट पांढऱ्या करा. काहींमागे पिवळा दिवा: १२ व्होल्टवर पांढरा-पिवळा एलईडी आणि एक हजार ओहमचा रेझिस्टर. सगळे दिवे लावू नका. रात्रपाळीला एखादाच मजला उजळलेला असतो.

समोरच्या १४ सेंटिमीटरच्या पट्टीवर शीतगृह येतं, आणि ते पाहणाऱ्याच्या तोंडासमोर उभं राहतं. याचं उत्तर सोपं आहे: आपल्याकडची भिंत बांधायचीच नाही. इमारत उभी चिरल्यासारखी ठेवा आणि पुलाच्या वर एकच मजला दाखवा. आत फाट्याचा रूळ, शेजारी फलाट, जाड बुचाचे थर दिलेल्या भिंती, बिजागऱ्यांची जाड दारं, लोण्याच्या पेट्या आणि अंड्यांचे खोके. शीतगृहाला खिडक्या जवळपास नसतात, त्यामुळे ॲव्हेन्यूकडची भिंत कोरी आणि मोठ्या रंगवलेल्या अक्षरांची ठेवा.

छपरांवर लाकडी पाण्याच्या टाक्या हव्यातच. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींची ती ओळख आहे. बारा-तेरा फूट व्यासाची टाकी म्हणजे आपल्याकडे साधारण ४५ मिमी. प्लास्टिकच्या नळीवर बारीक लाकडी पट्ट्या उभ्या चिकटवा, भोवती काळ्या दोऱ्याचे पट्टे द्या. खालचे पट्टे जवळजवळ आणि वर जाताना लांब लांब, कारण पाण्याचा दाब तळाशी जास्त असतो.

रस्ता

फुटपाथ १ मिमी माउंटबोर्डचा, त्यावर सुरीने चौकोन आखा. स्ट्रीटचा थोडा भाग ग्रॅनाइटच्या दगडी ठोकळ्यांचा आणि बाकी डांबरी ठेवा. डांबर काळं रंगवू नका. फिकट राखाडीवर गाड्यांच्या चाकांचे दोन गडद पट्टे खरे दिसतात. पुलाखालचा रस्ता मात्र एक छटा गडद आणि थोडा ओलसर ठेवा.

मोटारींत ट्रक जास्त, खासगी गाड्या कमी. ही गोदामांची वस्ती होती. सगळ्या टॅक्सी पिवळ्या करण्याची घाई नको, तो सरसकट नियम १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठरला आणि नंतर लागू झाला. पाट्यांवर फोन नंबर लिहायचा असेल तर आधी एक्सचेंजच्या नावाची दोन अक्षरं, मग पाच आकडे. माणसं घोळक्यांत ठेवा: फलाटावर चौघे, ट्रकच्या मागे तिघे, मग लांबवर कोणीच नाही. समान अंतरावर उभी केलेली माणसं निर्जीव वाटतात.

वीज

प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून दोन तारा डाख देऊन लावा. जोडपट्टीवर भरवसा ठेवू नका. पाटाखालून एक चौरस मिलीमीटरच्या दोन मुख्य तारा लांबवर न्या आणि बाकी सगळ्या त्यांना जोडा. रुळांच्या जोडांत दर मीटरला अंदाजे एक मिलीमीटर फट सोडा. एकच इंजिन चालवायचं असेल तर साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरतो.

इंजिन आणि वाघिणी

या पुलावर वाफेचं इंजिन ठेवू नका. न्यूयॉर्क शहरात रेल्वेने वाफ सोडून वीज वापरावी असा कॉफमन कायदा १९२३ सालीच झाला होता, आणि १९३४ चा पूल त्यानंतरचा. न्यूयॉर्क सेंट्रलने या भागासाठी तीन प्रकारे चालणारी इंजिनं घेतली: तिसऱ्या रुळातून वीज, पोटातल्या बॅटऱ्या आणि त्या भरणारं ३०० अश्वशक्तीचं डिझेल. ती चौकोनी खोक्यासारखी दिसतात. सपाट बाजू आणि थोड्या खिडक्या असल्याने चाकांच्या दोन संचांच्या चालत्या चेसिसवर स्टायरिनचं खोकं घरी करता येतं. तेवढा उत्साह नसेल तर कंपनीच्या काळ्या रंगातलं आल्को एस-१ किंवा एस-२ शंटिंग इंजिन घ्या. ती तयार मिळतात आणि १९४९ ला साजतात.

वाघिणी आठ पुरेत: पाच शीतवाघिणी, तीन साध्या बंद वाघिणी. १९४९ मध्ये नाबिस्कोसाठी पीठ बंद वाघिणीतून पोत्यांत आणल्याचं दाखवा. शीतवाघिणीच्या छपराच्या चार कोपऱ्यांना बर्फ टाकायची झाकणं असतात. त्यांतली दोन किंचित उघडी ठेवा. सर्व वाघिणींच्या छपरावर चालायच्या फळ्या हव्यात, त्या काळी त्या असतच. प्रत्येक वाघिणीत वजन घालून ती साधारण १०० ते ११० ग्रॅमची करा आणि कपलरची उंची मापकाने तपासा. वळणावर गाडी रुळावरून उतरते ती बहुतेक वेळा हलक्या वाघिणीमुळे.

चालवणं

डावीकडच्या कॅसेटवर इंजिन आणि पाच वाघिणी लावा. आठही वाघिणींसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड करा, त्यावर माल आणि मुक्काम लिहा. कार्डं पिसून पाच काढा. समजा तीन निघाली नाबिस्कोची, दोन शीतगृहाची. गाडी दक्षिणेकडे येते, सोळाव्या स्ट्रीटचा सांधा ओलांडते, थांबते. मग मागे सरकत दोन वाघिणी फाट्यावर ढकलायच्या, ॲव्हेन्यूच्या डोक्यावरून, आणि शीतगृहाच्या दाराशी अशा थांबवायच्या की वाघिणीचं दार फलाटाच्या दाराला बरोबर भिडेल. एका सेंटिमीटरचा फरकही चालणार नाही. अंड्यांचे खोके उचलणाऱ्या हमालाला तो जवळजवळ तीन फूट पडतो.

नंतर पंधराव्या स्ट्रीटपर्यंत पुढे जाऊन नाबिस्कोच्या मार्गावर उरलेल्या तीन वाघिणी मागे ढकला. इथे आधीच रिकाम्या वाघिणी उभ्या असतील तर त्या आधी काढाव्या लागतात, आणि त्या ठेवायला जागा फक्त मुख्य मार्गावर. खरा विचार करायला इथेच लागतो. इंजिन माणसाच्या चालीने चालवा. प्रत्येक जोडणीला थांबा, ब्रेकमन उतरला असं धरून पाच सेकंद मोजा, मग पुढे. अशी एक पाळी सहज पाऊण तास घेते.

पाळी संपली की रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा आणि पाटावर पातळ चादर टाका. पावसाळ्याच्या आधी एकदा सगळे सांधे हलवून बघा, तारांचे डाख मल्टीमीटरने तपासा आणि पाटाच्या खालच्या कडांना वॉर्निशचा आणखी एक हात द्या.